राज्य कुणावर?

प्राध्यापकाला दिवाळीत काही काम नसते, असा आमच्या शिवडीच्या चाळीत एक दृढ समज आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जिन्यावरून वर नेताना शेजाऱ्यांनी मला अनेकदा पाहिले आहे. पण ती रद्दी असावी, असे त्यांना वाटते. आणि काही उत्तरपत्रिका वाचल्यावर मलाही त्यांचे म्हणणे पटू लागते. तेव्हा दिवाळी जवळ आली की चाळीतली पोरे किल्ल्यासाठी मलाच येऊन गाठतात. विटा कुठून आणायच्या, गोणपाट कुणाकडे मागायचे, तळमजल्यावरच्या आजींच्या तुळशीची कुंडी कुणी सरकवायची, हे सारे प्रश्न सरांकडे.

गेल्या दिवाळीतही किल्ला झाला. विटांवर गोणपाट, गोणपाटावर लाल मातीचा चिखल, चिखलावर अळीव. पायथ्याशी गुहा आणि गुहेत वाघ. माथ्यावर सिंहासनावर महाराज, आणि पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे मावळे. वाचकहो, या मावळ्यांकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? एकेक मावळा बुरुजाहून उंच असतो. शेजारी भाजीवाली बसलेली असते, ती तोफेच्या दुप्पट असते. पण आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण आपणही लहानपणी तोच किल्ला केलेला असतो.

संध्याकाळी पणत्या लागल्या. आमचे चिरंजीव, वय वर्षे बारा, किल्ल्यासमोर हात मागे बांधून उभे होते.

"बाबा, किल्ला झाला. आता पुढं काय?"

"पुढं काय म्हणजे? पणती लावायची."

"ती लावली. मग?"

"मग बघायचा."

"चार दिवस नुसता बघायचा?"

मी पंचवीस वर्षे मुलांना प्रश्न विचारत आलो आहे, पण असा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. एवढा मोठा किल्ला, एवढे सैन्य, तोफा, आणि कुणी काहीच करत नाही! कारण उघड होते. मी चिरंजिवांना म्हणालो, "अरे, लढाईला शत्रू लागतो. इथं शत्रू कुठं आहे?"

खरोखरच, दिवाळीच्या बाजारात महाराज मिळतात, मावळे मिळतात, गवळण मिळते, वाघ मिळतो. शत्रू मात्र मी अजून कुठल्या टोपलीत पाहिलेला नाही.

असला शत्रू विकत घेऊन, टेबलावर दोन्ही सैन्ये मांडून नियमाने लढाई खेळण्याचा एक छंद जगात आहे, आणि तो पोरांचा नाही, दाढीमिशा आलेल्या माणसांचा आहे. प्रशियाच्या राजाला राइसविट्झ नावाच्या एका गृहस्थाने १८१२ साली असा खेळ टेबलासकट बनवून दिला होता. टेबलाच्या खणांत डोंगर, नद्या, रस्ते यांचे चौकोनी तुकडे ठेवलेले; काढावे आणि हवा तो मुलूख मांडावा. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली त्याचे नियम पक्के केले. फौजांच्या जागी ठोकळे, जमिनीच्या जागी नकाशा, नशिबाच्या जागी फासा आणि या सगळ्यांवर एक पंच. प्रशियाच्या सैन्यात हा खेळ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी वापरला गेला. आपल्याला यात नवल वाटायला नको. पायदळ, घोडदळ, हत्ती, रथ अशी चतुरंग सेना पटावर मांडून जगाला बुद्धिबळ आपल्याच देशाने दिले. फरक इतकाच की बुद्धिबळात फासा नाही. घोड्याच्या टप्प्यात प्यादे आले आणि घोड्याने ते मारायचे ठरवले की ते मेलेच. खऱ्या लढाईत असा भरवसा नसतो.

या छंदाला घराघरात आणले ते एच. जी. वेल्सने. 'टाइम मशीन'वाला, 'अदृश्य माणूस'वाला वेल्स. हा चाळिशी उलटलेला नामांकित लेखक मित्रांसह जमिनीवर ओणवा होऊन शिशाच्या शिपायांशी खेळत असे, आणि १९१३ साली त्याने 'लिटल वॉर्स' नावाचे नियमांचे पुस्तकच लिहिले. नियम असे की पायदळाचा शिपाई एका चालीत एक फूट चालेल, घोडेस्वार दोन फूट. तोफेपासून सहा इंचांच्या आत आपली चार माणसे असतील तरच ती तोफ चालेल; आणि एका चालीत ती हलवायची किंवा डागायची, दोन्ही नाही. प्रत्येक चालीला वेळेची मर्यादा. तोफही खरी, म्हणजे स्प्रिंगची. तिच्यातून लाकडाचे लहानसे तुकडे उडत. पुस्तकाच्या शेवटी वेल्स सांगतो की, हा खेळ तीनचार वेळा खेळून पाहा, म्हणजे खरी लढाई हा किती गोंधळाचा आणि मूर्खपणाचा कारभार असला पाहिजे हे तुम्हाला कळेल. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले. ज्यांनी ते सुरू केले, त्यांनी हे पुस्तक वाचले नसावे.

पुढे इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोनने १९६२ साली या छंदावर पुस्तक लिहिले, १९८३ साली 'वॉरहॅमर' आला, आणि आज तिकडे माणसे अंगठ्याएवढे शिपाई महिनामहिना रंगवत बसतात.

हे सारे मी चिरंजिवांना सांगितले, आणि प्राध्यापकी स्वभावानुसार जरा जास्तच सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सात पोरे उभी.

"सर, आपण नियम करू या. महाराजांचा किल्ला आणि बाहेर शत्रू."

"आणि शत्रू कोण होणार?" मी विचारले.

सातही जणांनी एकाच वेळी सर्वांत लहान पोराकडे पाहिले. ते पोर चप्पल शोधू लागले.

मराठीत एक मजेदार शब्दप्रयोग आहे. पकडापकडीत किंवा लपंडावात ज्याच्यावर पाळी येते त्याच्यावर 'राज्य' आले, असे आपण म्हणतो. बाकी साऱ्या जगात राज्य मिळाले की माणूस आनंदित होतो. आमच्या पोरांच्या जगात राज्य आले की तोंड उतरते. ज्याच्यावर राज्य, तो एकटा. बाकी सगळे एका बाजूला. आणि कुणावर तरी कायमचे राज्य ठेवायचे असेल, तर त्यासाठी नियमाची गरज नसते. सगळ्यांनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिले की पुरते.

हे मला त्या दिवशी सुचले याला कारण आहे. पस्तीस वर्षांपूर्वी याच पटांगणात आम्हीही लढाई खेळत होतो. मागल्या दिवाळीतले नाक तुटलेले, हात मोडलेले मावळे म्हणजे शत्रूची फौज. गोट्या म्हणजे तोफेचे गोळे. आणि शत्रूचा सरदार म्हणजे माझा एक मित्र, तिसऱ्या मजल्यावरचा. तो रंगाने आम्हा सगळ्यांत काळा होता. त्या वर्षी शाळेत आम्ही जंजिऱ्याच्या सिद्दीविषयी शिकलो होतो. ते मूळचे आफ्रिकेतून आलेले हबशी, असे गुरुजींनी सांगितले होते. धडा संपला आणि संध्याकाळी मित्राला नाव मिळाले, 'सिद्दी'. नियम एकच, सिद्दीने हरायचे. एखादे दिवशी त्याच्या गोट्या चांगल्या लागल्या तर तो हरेपर्यंत खेळ चालू राहायचा. चार दिवाळ्या तो आमचा शत्रू होता. दिवाळ्या संपल्या, नाव राहिले. शाळेत राहिले, क्रिकेटच्या संघात राहिले. तो चाळ सोडून डोंबिवलीला गेला तरी चाळीत राहिले.

हे नाव कुणी ठेवले, हे मी अजून सांगितलेले नाही. हुशार मुलगा मीच होतो.

तेव्हा त्या सात पोरांना मी म्हणालो, "महाराजांच्या किल्ल्याला हात लावायचा नाही. तो आहे तसाच राहील. आपण त्याच्या शेजारी दुसरा किल्ला करू. आपल्या शिवडीचा."

शिवडीला किल्ला आहे, हे शिवडीकरांना माहीत असते, पण पाहुणे आले तरच आठवते. तीच वेळ माझीही होती. वसुबारसेच्या सकाळी मी पोरांना घेऊन टेकडीवर गेलो. किल्ला ईस्ट इंडिया कंपनीने १६८० साली बांधला, बंदरावर नजर ठेवण्यासाठी. पुढे त्यात कैदी ठेवले, मग त्याचे गोदाम झाले. दरवाजातून आत गेले की दुसरा दरवाजा समोर नसतो, काटकोनात असतो. पोरांनी ते दोन मिनिटांत ओळखले. "सर, म्हणजे पळत आत घुसता येत नाही. वळावं लागतं." आमच्या वर्गात असे उत्तर मिळाले तर मी पेढे वाटीन. आत पाच कोनांची एक खोली आहे, तिचे कोन पोरांनी दोनदा मोजले. तटावरून खाली खाडीचा चिखल दिसतो, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्या चिखलावरून २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू न्हावा शेवाकडे जातो.

तिथेच मी त्यांना १६८९ सालची हकिकत सांगितली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन चाइल्ड याने औरंगजेबाशी वैर ओढवून घेतले होते. तेव्हा मोगलांच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान आपली फौज घेऊन मुंबईवर आला. शिवडीचा किल्ला त्याने घेतला, मग माझगाव घेतले, आणि कंपनीला मुंबईच्या कोटात कोंडले. १६९० साली कंपनीने बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठे सिद्दीने मुंबई सोडली.

पोरे ऐकत होती. चिरंजिवांनी विचारले, "मग आतले ते आपले ना?"

"नाही. आत कंपनीची माणसं."

"मग बाहेरचे आपले?"

"बाहेर सिद्दी. औरंगजेबाच्या बाजूचा."

"मग आपले कुठं आहेत?"

"त्याच वर्षी औरंगजेबानं संभाजी महाराजांना पकडून मारलं. रायगडही त्याच वर्षी पडला. आपल्यांवर त्या वर्षी काय वेळ आली होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि इथं शिवडीत जे गावकरी राहत होते, त्यांना तुम्ही कुणाच्या बाजूचे, असं कुणी विचारलं नसेल."

सगळे गप्प झाले. मला वाटले, दिवाळीचा विरस केला. मग ते चप्पल शोधणारे लहान पोर म्हणाले, "म्हणजे कुणी पण कुणी पण होऊ शकतो."

नियमावलीचे पहिले कलम त्याने सांगितले. बाकीची आम्ही वेल्सकडून उसनी घेतली आणि चाळीला मानवतील अशी बेतली. शिपाई एका चालीत एक फूट, म्हणजे शाळेची एक मोठी पट्टी. घोडेस्वार दोन पट्ट्या. गोट्या बाद, कारण मातीची चित्रे फुटतात आणि फुटली की रडारड होते. त्याऐवजी सापशिडीचा फासा. समोरासमोर आलेल्या दोघांनी फासा टाकायचा, ज्याचा मोठा तो जिंकला. तटाआड असलेल्याला एक जास्त. सारखे पडले तर दोघांनी मागे सरायचे. दुसऱ्या दरवाजाशी वळताना एक चाल वाया. चालीला दोन मिनिटे, मोबाइलच्या घड्याळावर. पडलेला शिपाई फराळाच्या ताटात आडवा करून ठेवायचा. शत्रू विकत मिळत नाही, म्हणून मावळेच दोन वाट्यांत विभागले. एका वाट्याच्या कमरेला निळा दोरा, दुसऱ्याच्या पिवळा. आणि कोण कुठल्या बाजूला, ते चिठ्ठ्या टाकून.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पहिली लढाई झाली. किल्ला टिकला. पाडव्याला दुसरी झाली, तीत सिद्दीने किल्ला घेतला. भांडणे झाली नाहीत असे मी म्हणणार नाही. एक फूट म्हणजे पट्टीच्या शून्यापासून की कडेपासून, यावर एक खटला अर्धा तास चालला. मध्येच सौभाग्यवतींनी वरून विचारले, "अहो, माझं चकलीचं ताट कुठं आहे?" ताटात त्या वेळी कंपनीचे नऊ शिपाई होते. पण शत्रू कोण होणार, यावरून मात्र एकदाही भांडण झाले नाही.

भाऊबीजेला माझा तो मित्र आला. त्याची बहीण अजून चाळीतच राहते. बरोबर त्याची मुलगी होती, दहाअकरा वर्षांची. ती आतेभावंडांत न रमता सरळ पटांगणात आली आणि म्हणाली, "काका, मी पण खेळू?" चिठ्ठ्या टाकल्या. आमचे चिरंजीव कंपनीचे सेनापती झाले. तिच्या चिठ्ठीत निघाले, सिद्दी.

माझ्या पोटात जरा कालवले. पण तिला काय त्याचे! ती मांडी घालून बसली आणि घोडेस्वार मोजू लागली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून आमच्या आण्णांनी हाक मारली. आण्णा ऐंशीच्या घरातले, मनाने निर्मळ. "काय रे सिद्दी! कधी आलास?"

मुलीने फासा हातातच धरला. आधी वर आण्णांकडे पाहिले, मग वडिलांकडे.

"बाबा, तुम्हाला सिद्दी का म्हणतात?"

पटांगणातली सगळी पोरे त्याच्याकडे पाहू लागली. मी पंच होतो, हातात मोबाइलचे घड्याळ होते. मला बोलता आले असते. मी पट्टीकडे पाहत राहिलो.

मित्र तिच्याजवळ उकिडवा बसला. "अगं, हा शिवडीचा किल्ला आहे ना? तो सिद्दीनं घेतला होता. लहानपणी आम्ही हाच खेळ खेळायचो. मी पुष्कळदा जिंकायचो, म्हणून."

"खरंच, काका?" तिने मला विचारले.

पंचाने खोटा निकाल देऊ नये, हे मला कळते. पण तो पूर्ण खोटाही नव्हता. "शिवडीचा किल्ला सिद्दीनंच घेतला होता," मी म्हणालो. "१६८९ साली."

तिने फासा टाकला. पहिला दरवाजा तिने तीन चालींत घेतला. वळणावर तिचे चार शिपाई पडले. चिरंजिवांनी तटाआड माणसे नीट ठेवली होती. एक जास्तीचा फायदा त्यांना होता. शेवटी पाच कोनांच्या खोलीच्या दाराशी दोघांचा एकेकच शिपाई उरला. चिरंजिवांना तीन पडले, तटाचा एक धरून चार. तिला पाच. आमच्या चिरंजिवांचा चेहरा पाहून मला वाटले, आता रडीचा डाव होणार. पण त्यांनी आपला शिपाई स्वतः उचलून ताटात आडवा ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मला चिठ्ठी न टाकता सिद्दी द्या. मला हे वळण बाहेरून घेऊन बघायचंय."

रात्री मित्र आणि मी गॅलरीत चहा घेत बसलो. खाली दोन्ही किल्ल्यांवर पणत्या होत्या. मी म्हणालो, "ते नाव मी ठेवलं होतं. तू काळा होतास म्हणून. आणि तू एकदाही जिंकला नव्हतास. आम्ही जिंकू दिलं नव्हतं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याने चकलीचा तुकडा मोडला. "मला नावाचं इतकं नाही वाटत रे. नावं सगळ्यांनाच होती. मला वाटायचं, एकदा तरी कुणीतरी म्हणेल, आज राज्य माझ्यावर घेतो. कुणीच म्हणालं नाही. तू तरी म्हणशील असं वाटायचं."

यावर मला काही बोलता आले नाही. तो आवाज न चढवता बोलला, म्हणून जास्तच. मग त्याने विचारले, नियम लिहून काढले आहेत का. मुलगी मागते आहे. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून एक कोरी पुरवणी काढून मी तिच्यावर सगळी कलमे लिहिली आणि त्याच्या हातात दिली.

यंदाही भाऊबीजेला ती दोघे येणार आहेत. पोरांनी अळीव आणून ठेवला आहे, फासे दोन घेतले आहेत, आणि ताट सौभाग्यवतींनी जुने काढून दिले आहे. चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे टाकल्या जातील. पण पहिल्या डावाला मी पंच नाही, असे मी पोरांना आधीच सांगून ठेवले आहे. पहिला डाव मित्र किल्ल्यात आणि मी बाहेर. एकदा तरी राज्य माझ्यावर.